आलेखिकी स्मृतिव्यवस्थापन : बफरांची स्थाननिश्चिती व स्थलांतर

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र पडद्यावर येण्यापूर्वी अंकांच्या रूपाने स्मृतीत साठविलेले असते. हे चित्र, त्यातील आकृत्यांचे शिरोबिंदू, आकृत्यांच्या पृष्ठभागावर चढवावयाचा पोत इत्यादींपैकी एकेका गोष्टीसाठी राखलेल्या स्मृतीच्या तुकड्यास बफर म्हणतात. आलेखिकी प्रक्रियक, म्हणजे ज्यास सामान्यतः जी. पी. यू. म्हणतात तो, आणि संगणकाची परिचालन प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे चालक किंवा ड्रायव्हर होय. कोणता बफर कोणत्या स्मृतीत ठेवावा, जागा अपुरी पडल्यास कोणता हलवावा आणि हलविताना चालू कामास धक्का कसा लागू देऊ नये, हे ठरविणे हा चालकाच्या कामाचा एक अवघड भाग आहे. गेल्या पन्नास वर्षांत या कामाचे तंत्र पुष्कळ बदलले. परंतु त्याहूनही अधिक वेळा बदलला तो निर्णयाचा अधिकार. तो कधी यंत्ररचनाकाराकडे, कधी चालकाकडे, कधी परिचालन प्रणालीच्या गाभ्याकडे, तर कधी चित्र काढणाऱ्या उपयोजन आज्ञावलीकडे गेला. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या हस्तांतराचा इतिहास दिला आहे. [→ संगणक].

प्रश्न कशामुळे उद्‌भवतो, ते काही आकड्यांवरून ध्यानात येईल. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंचे व प्रत्येक बिंदूस ४ बाइट लागणारे एक चित्र ८२,९४,४०० बाइट जागा व्यापते. हे केवळ अंतिम चित्र झाले. ते रंगविण्यास लागणारे पोत, खोलीची नोंद ठेवणारे बफर आणि मधले टप्पे मिळून याच्या शेकडो पट जागा लागू शकते. २०१९ साली विक्रीस आलेल्या रेडिऑन सेव्हन या कार्डावर १६ गिगाबाइट स्मृती होती व तिच्यातून सेकंदास १ टेराबाइट माहिती ये-जा करू शकत असे. तेच कार्ड मुख्य स्मृतीशी ज्या पी. सी. आय. एक्सप्रेस जोडमार्गाने जोडलेले होते, त्याची एका दिशेची वहनक्षमता मात्र सेकंदास सु. १६ गिगाबाइट, म्हणजे साठाव्या हिश्शाच्या आसपास होती. पडद्यावर सेकंदास ६० चित्रे उमटवावयाची असल्यास प्रत्येक चित्रामागे १/६० सेकंद मिळतो आणि तेवढ्या अवधीत या मार्गाने फार तर सु. २७ कोटी बाइट नेता येतात. एक गिगाबाइट इकडून तिकडे हलवावयाचे ठरल्यास जवळजवळ चार चित्रांचा वेळ त्यातच संपतो. पेठेतील दुकानदारास गाळ्यात कोणता माल ठेवावा व वखारीत कोणता, हा जो रोजचा पेच असतो, तोच येथे आहे. फरक इतकाच की येथे गाळा एक असून त्यात परस्परांस न ओळखणारे अनेक दुकानदार एकाच वेळी बसलेले असतात.

या विषयातील दोन मूळ मार्ग एकाच वर्षी व एकाच संस्थेत दिसून आले, हा एक लक्षणीय योगायोग आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. त्याच्या ६०६ × ८०८ बिंदूंच्या पडद्यासाठी प्रतिबिंदू एक बिट या हिशेबाने सु. ६० किलोबाइट जागा लागे आणि ती १२८ किलोबाइटच्या मुख्य स्मृतीतूनच घेतली जाई. म्हणजे निम्मी स्मृती केवळ चित्राने अडे. यावर उपाय म्हणून पडद्याचे आडवे पट्टे कल्पून कोऱ्या पट्ट्यांस जागाच न देण्याची सोय आल्टोमध्ये केलेली होती. बफरास जागा देण्यातील काटकसरीचे हे फार जुने उदाहरण होय. त्याच केंद्रात रिचर्ड शूप यांनी त्याच वर्षी सुपरपेंट ही रंगीत चित्रप्रणाली उभारली. तिच्यात ६४० × ४८० बिंदूंच्या चित्रासाठी मुख्य स्मृतीहून वेगळा असा खास चित्रसाठा होता. प्रतिबिंदू ८ बिट धरता त्याचा आकार ३,०७,२०० बाइट होतो. पहिल्या मार्गात चित्र व गणन यांची स्मृती सामाईक, दुसऱ्यात विभक्त. पुढील सर्व यंत्रे या दोहोंपैकी एका किंवा दुसऱ्या कुळातील आहेत.

वैयक्तिक संगणकांत प्रथम विभक्त मार्ग रुजला. आय. बी. एम.च्या १९८१ मधील रंगीत कार्डावर १६ किलोबाइट, तर १९८७ मधील व्ही. जी. ए.वर २५६ किलोबाइट स्मृती होती. व्ही. जी. ए.ची ही स्मृती प्रक्रियकास ६४ किलोबाइटच्या एका खिडकीतूनच पाहता येई. या काळात एका वेळी एकच उपयोजन सबंध पडद्याचे मालक असे. त्यामुळे स्थाननिश्चितीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. मायक्रोसॉफ्टच्या १९९५ मधील डायरेक्टड्रॉमध्ये कार्डावरील जागा उपयोजनाने मागून घेण्याची व्यवस्था झाली. मात्र वापरणाऱ्याने दुसऱ्या खिडकीकडे वळताच ही जागा हिरावली जाई व तीतील मजकूर नष्ट होई. तो पुन्हा भरण्याची जबाबदारी उपयोजनावर असे. त्या काळचे अनेक खेळ खिडकी बदलताच कोलमडून पडत, त्याचे एक प्रमुख कारण हे होय.

त्रिमित चित्रांबरोबर पोतांचा आकार वाढला आणि कार्डावरील महाग स्मृती पुरेनाशी झाली. इंटेल कंपनीने १९९६ मध्ये ए. जी. पी. हा नवा जोडमार्ग जाहीर केला. त्याचा मूळ वेग सेकंदास २६६ मेगाबाइट, म्हणजे तत्कालीन पी. सी. आय. मार्गाच्या दुप्पट होता. वेगापेक्षाही महत्त्वाचे होते ते त्यातील पत्ता-कोष्टक. मुख्य स्मृतीत विखुरलेली पृष्ठे या कोष्टकामुळे आलेखिकी प्रक्रियकास सलग भासत. त्यामुळे पोत कार्डावर न आणता मुख्य स्मृतीतूनच वाचणे शक्य झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या आय ७४० या प्रक्रियकाची सारी रचना या कल्पनेवर उभी होती : कार्डावर फक्त चित्र व खोली यांचे बफर, पोत सर्वस्वी मुख्य स्मृतीत. प्रत्यक्षात जोडमार्ग अरुंद ठरला. त्याच वर्षी आलेली, पोत स्वतःजवळ ठेवणारी प्रतिस्पर्धी कार्डे पुढे गेली आणि स्मृतीच्या किमती उतरल्यामुळे कार्डावर अधिक स्मृती देणे त्यांस परवडू लागले. १९९९ मध्ये इंटेलने स्वतंत्र आलेखिकी कार्डांचा व्यवसाय सोडला. आय ७४० च्या अपयशास इतरही कारणे होती. तरीही स्थाननिश्चितीचा निर्णय यंत्रातच कायमचा कोरून टाकला, की परिस्थिती पालटताच तो यंत्रासह निकामी होतो, हे या प्रकरणाने दाखविले. पत्ता-कोष्टक मात्र टिकले. पुढील सर्व स्थलांतरव्यवस्थेचा पाया तेच आहे.

यानंतरचा इतिहास लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीत विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो, कारण तेथील चालकांचा मजकूर व त्यांवरील वाद दोन्ही जाहीर आहेत. मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीत अनेक उपयोजनांस आलेखिकी प्रक्रियक थेट वापरू देणारी व्यवस्था आली. तीत कार्डावरील स्मृतीची वाटणी आरंभीच ठरलेली असे : इतकी पडद्यास, इतकी मागील चित्रास, इतकी खोलीस व उरलेली पोतांस. पोतांच्या भागाचे लहान विभाग करून त्यांच्या वापराची एक सामाईक यादी ठेवली जाई. एखाद्या उपयोजनास जागा हवी असल्यास सर्वांत जास्त काळ न वापरलेला विभाग ते खुशाल स्वतःकडे घेई. ज्याची जागा गेली त्यास पुढील पाळीच्या वेळी यादी पाहून ते कळे, आणि मुख्य स्मृतीतील आपल्या प्रतीवरून ते पोत पुन्हा चढवी. प्रत्येक वस्तूची मूळ प्रत दुसरीकडे सुखरूप आहे, या गृहीतकावर ही सारी व्यवस्था उभी होती.

द्विमित चित्रांच्या बाजूस २००५ अखेरच्या एक्सडॉटऑर्ग आवृत्तीत एक्सा ही प्रवेगरचना आली. तीत प्रत्येक लहान चित्रास गुण दिले जात. आलेखिकी प्रक्रियकाने ते वापरले की एक गुण वाढे, मुख्य प्रक्रियकास त्यावर काम करावे लागले की एक गुण घटे. गुण १० झाले की चित्र कार्डावर जाई व उणे १० झाले की परत येई. दोन उंबरठ्यांमध्ये मुद्दाम अंतर ठेवण्याचे कारण उघड आहे. अंतर नसते, तर आळीपाळीने दोघांकडून वापरले जाणारे चित्र सतत ये-जा करीत राहिले असते. तरीही ही ये-जा पूर्णपणे थांबली नाही. कार्डावरील स्मृतीतून मुख्य प्रक्रियकाने माहिती वाचणे अतिशय संथ असते. त्यामुळे एकाच अडलेल्या क्रियेपायी सबंध पडदा रेंगाळल्याचा अनुभव अनेकांस येई. या रचनेत वापरणाऱ्यास तीन धोरणांतून एक निवडता येत असे. निर्णय वापरणाऱ्यावर सोपविणे ही रचनाकारांनी दिलेली हतबलतेची कबुलीच म्हणावी लागेल.

२००५ च्या सुमारास जुने गृहीतक मोडले. ओपनजीएलमध्ये त्या वर्षी आलेल्या सोयीनुसार उपयोजन पडद्याबाहेरच्या बफरांत चित्र काढून त्याचाच पुढे पोत म्हणून उपयोग करू लागले. असे चित्र आलेखिकी प्रक्रियकानेच निर्माण केलेले असल्याने त्याची मूळ प्रत कोठेच नसते. ते बेदखल करावयाचे तर आधी उचलून सुरक्षित जागी न्यावे लागते. खिडक्यांची संमिश्र चित्रे करणारी व्यवस्थाही याच सुमारास लोकप्रिय झाली, आणि एका उपयोजनाचा बफर दुसऱ्याने वाचणे नित्याचे झाले. आता परस्परांवर विश्वास नसलेल्या सर्वांच्या वर एक अधिकारी हवा होता, आणि असा अधिकारी परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हाच असू शकत होता.

हे काम टंगस्टन ग्राफिक्स या कंपनीतील टॉमस हेलस्ट्रम यांनी टी. टी. एम. या नावाच्या व्यवस्थेद्वारे हाती घेतले. तिच्यात प्रत्येक बफर ही स्वतंत्र वस्तू असून तो मुख्य स्मृतीत, पत्ता-कोष्टकाच्या कक्षेत किंवा कार्डावर अशा तीन प्रकारच्या ठिकाणी राहू शकतो, व गाभा त्यास त्यांच्यात हलवू शकतो. मात्र ही व्यवस्था गुंतागुंतीची होती. इंटेलच्या तत्कालीन आलेखिकी प्रक्रियकांस स्वतंत्र स्मृतीच नव्हती. ते आल्टोच्या कुळातील. ज्यांस कार्डच नाही त्यांनी कार्डाच्या व्यवहाराचा भार का वाहावा, असा प्रश्न तेथील कीथ पॅकर्ड व एरिक अँहोल्ट यांस पडला, आणि मे २००८ मध्ये त्यांनी जेम ही अधिक साधी व्यवस्था पुढे मांडली. जेममध्ये बफर म्हणजे गाभ्यातील एक साधी स्मृति-संचिका असते. तो कोठे आहे यापेक्षा सध्या तो कोणाच्या ताब्यात आहे, मुख्य प्रक्रियकाच्या की आलेखिकी प्रक्रियकाच्या, याचीच नोंद प्रामुख्याने ठेवली जाते. डिसेंबर २००८ च्या लिनक्स २.६.२८ मध्ये जेम दाखल झाली आणि टी. टी. एम. मागे पडल्यासारखी दिसली. पण रेडिऑनसारख्या विभक्त स्मृतीच्या कार्डांस जेम अपुरी होती. सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ या आवृत्तीत टी. टी. एम. रेडिऑनच्या चालकासह गाभ्यात आली, आणि तडजोड अशी झाली, की बाहेरून उपयोजनास दिसणारा दरवाजा जेमचा व आत स्थलांतराचे काम टी. टी. एम.चे. पुढे इंटेलने पुन्हा स्वतंत्र स्मृतीची कार्डे काढली, तेव्हा २०२१ मध्ये त्यांच्या चालकातही टी. टी. एम.चा अंतर्भाव करावा लागला. हे काम करणाऱ्यांत हेलस्ट्रम स्वतः होते. दोन्ही पक्ष आपापल्या यंत्रापुरते बरोबर होते, हे आता मागे वळून पाहता सहज दिसते. वाद चालू असताना ते तितके सोपे नव्हते.

गाभ्यातील स्थलांतराचे तंत्र मुळापासून समजून घेण्याजोगे आहे. मुख्य प्रक्रियकाच्या आभासी स्मृतीचा सिद्धांत यापूर्वीच पक्का झाला होता. मँचेस्टर येथील ॲटलस संगणकात १९६२ मध्ये ती प्रत्यक्षात आली, आणि कोणत्याही आज्ञावलीस ठरावीक अवधीत लागणाऱ्या पृष्ठांचा ‘कार्यसंच’ ही कल्पना पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडली. परंतु मुख्य प्रक्रियकास हवे ते पृष्ठ जागेवर न मिळाल्यास तो थांबतो, पृष्ठ आणले जाते व काम पुढे चालू होते. आलेखिकी प्रक्रियकास दीर्घकाळ असे थांबता येत नसे. म्हणून एखादा आदेशसंच त्याच्या हाती देण्यापूर्वी त्यात उल्लेखिलेले सर्वच्या सर्व बफर आपापल्या जागी आणून ठेवणे भाग असे. जागा नसल्यास सर्वांत जास्त काळ न वापरलेले बफर मुख्य स्मृतीत पाठवावयाचे. त्यांवर अद्याप काम चालू असल्यास ते संपेतो वाट पाहावयाची. काम कोठवर आले आहे हे दाखविणाऱ्या खुणेस फेन्स, म्हणजे कुंपण, म्हणतात. कुंपण ओलांडले गेल्यावाचून बफर हलविल्यास प्रक्रियक परक्याच्या जागेत लिहू लागतो. बफर हलला की त्याचा पत्ता बदलतो, म्हणून जुन्या यंत्रांत गाभ्यास आदेशसंचातील पत्तेही एकेक करून दुरुस्त करावे लागत. प्रत्येक उपयोजनास आलेखिकी प्रक्रियकातच स्वतंत्र पृष्ठकोष्टक मिळाल्यावर हे काम वाचले.

एका आदेशसंचास अनेक बफर एकदम कुलूपबंद करावे लागतात, आणि दोन उपयोजने परस्परांच्या बफरांसाठी खोळंबून कायमची अडकण्याचा धोका असतो. मार्टेन लँकहोर्स्ट यांनी सिद्ध केलेली व २०१३ मध्ये लिनक्स ३.११ मध्ये आलेली कुलुपे याच कारणासाठी आहेत. त्यांमागील तत्त्व माहितीसंचांच्या शास्त्रात १९७८ मध्येच सांगितले गेले होते : जो आधी आला त्याचा हक्क आधी, व नंतर आलेल्याने हातातील सर्व सोडून पुन्हा आरंभ करावयाचा. याखेरीज बेदखलीनंतर मोकळी झालेली जागा पुसली न गेल्यास पुढील मालकास आधीच्याचा मजकूर दिसतो. ही भीती काल्पनिक नव्हती. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा उरलेल्या मजकुरावरून दुसऱ्याने पाहिलेली संकेतस्थळे ओळखता येतात, हे दाखवून दिले.

मायक्रोसॉफ्टने हाच बदल जानेवारी २००७ मध्ये विक्रीस आणलेल्या व्हिस्टा या प्रणालीत केला. स्मृतीचे व्यवस्थापन गाभ्याकडे गेले आणि प्रत्येक आदेशसंचाबरोबर लागणाऱ्या बफरांची यादी देण्याचा नियम झाला.

अधिकार गाभ्याकडे गेला, तरी ज्ञान उपयोजनाकडेच राहिले. कोणता पोत पुढच्या क्षणी लागेल हे खेळाच्या रचनाकारास ठाऊक असते. गाभ्यास केवळ मागील वापरावरून अंदाज करता येतो. हे ज्ञान गाभ्यापर्यंत पोहोचविण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९९७ च्या ओपनजीएल १.१ मध्ये पोतांस प्राधान्यक्रम देण्याची सोय होती. २००३ मध्ये बफर स्थिर आहे की वारंवार बदलणारा, हे सांगण्याची भर पडली. परंतु या केवळ सूचना होत्या. त्या मानण्याचे बंधन चालकावर नव्हते आणि उपयोजनेही त्या बेफिकिरीने भरत. २०१५ मधील डायरेक्ट३डी १२ व फेब्रुवारी २०१६ मधील व्हल्कन यांनी हा संकोच सोडला. व्हल्कन उपयोजनापुढे स्मृतींचे प्रकार उघडपणे मांडते : ही प्रक्रियकाजवळची, ही मुख्य प्रक्रियकास दिसणारी, ही दोन्ही, आणि निवड उपयोजनाने करावयाची. विंडोज १० मध्येही प्रणाली प्रत्येक उपयोजनास स्मृतीचे अंदाजपत्रक सांगते व त्यात राहण्याची काळजी त्याच्यावर सोपविते. येथे एक अडचण दिसून आली. उपयोजनास स्वतःच्या गरजा ठाऊक असतात, शेजाऱ्याच्या नाहीत. सर्वांनीच सर्वोत्तम जागा मागितली, की निर्णय पुन्हा गाभ्याकडे येतो.

निर्णय चालकावर किती अवलंबून असतो, हे एन्व्हिडिया कंपनीच्या जी. टी. एक्स. ९७० या सप्टेंबर २०१४ मधील कार्डाच्या प्रकरणातून सामान्य ग्राहकांसही कळले. कार्डावर ४ गिगाबाइट स्मृती असल्याचे सांगितले होते व ती होतीही. परंतु तीपैकी ३.५ गिगाबाइट वेगवान व उरलेली अर्धा गिगाबाइट बरीच संथ होती, हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. कमी वापराचे बफर त्या संथ भागात ढकलून वेग राखण्याचे काम चालक गुपचूप करीत होता. तो ते इतके चांगले करी, की पहिल्या परीक्षणांत दोष कोणाच्या लक्षात आला नाही. २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांस प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचे मान्य केले.

यंत्रात एकाहून अधिक आलेखिकी प्रक्रियक, कॅमेरे व चित्रसंकोचक असू लागल्यावर बफर एका चालकाकडून दुसऱ्याकडे देण्याची गरज भासली. सुमित सेमवाल यांनी तयार केलेली डीएमए-बफ ही व्यवस्था मार्च २०१२ च्या लिनक्स ३.३ मध्ये आली. तिच्या आरंभीच्या रूपात दुसऱ्यास दिलेला बफर जागेवर खिळून राही. तो हलविताना भागीदारास आगाऊ सूचना देण्याची सोय २०२० मध्ये झाली.

दरम्यान आलेखिकी प्रक्रियकही थांबावयास शिकला. एन्व्हिडियाच्या २०१६ मधील पास्कल पिढीपासून त्यास हवे ते पृष्ठ नसल्यास खोळंबून ते मागवता येऊ लागले. झेरोम ग्लिस यांची एच. एम. एम. ही रचना नोव्हेंबर २०१७ मध्ये लिनक्स ४.१४ मध्ये दाखल झाली व तिने मुख्य व कार्डावरील स्मृतींमध्ये पृष्ठापृष्ठाने स्थलांतर शक्य केले. संपूर्ण बफराऐवजी त्याचे लागेल तेवढेच पान हलविणे काटकसरीचे खरे. परंतु हजारो धागे एकाच वेळी चालविणाऱ्या प्रक्रियकात एकेका पानासाठी थांबणे फार महाग पडते. त्यामुळे चित्रकामात अजूनही बफर आगाऊ आणून ठेवण्याकडेच कल आहे. ॲपलने २०२० मध्ये एम १ या प्रक्रियकात मुख्य व आलेखिकी भागांस एकच स्मृती देऊन आल्टोचा मार्ग पुन्हा चोखाळला. तेथे स्थलांतराचा प्रश्न मिटतो, पण सामाईक वहनक्षमतेच्या वाटणीचा उरतोच. विभक्त कार्डांसाठी मार्च २०२५ च्या लिनक्स ६.१४ मध्ये कोणत्या उपयोजन-गटाने कार्डावरील किती स्मृती वापरावी, याची मर्यादा प्रशासकास घालता येईल अशी सोय करण्यात आली आहे. मर्यादा किती असावी, हे तीत अर्थातच सांगितलेले नाही.